सुस्वापर्यंतचे रूळ

मोम्बासाच्या जुन्या गावात, अगदी समुद्राला टेकून, फोर्ट जीझस नावाचा पोर्तुगीज किल्ला आहे. तो १५९३ ते १५९६ या काळात बांधला गेला. आराखडा जोव्हानी बातिस्ता कायराती या इटालियन स्थापत्यकाराचा. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या तटबंद्यांचं काम हाच माणूस पाहायचा, आणि मोम्बासावर हुकूम सुटायचा तो गोव्याहून. बेटाच्या दुसऱ्या अंगाला किलिंदिनी बंदर आहे. तिथून १८९६ मध्ये इंग्रजांनी आत, व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे न्यायला सुरुवात केली. आज त्याच बंदरातला नवा कंटेनर धक्का जपानच्या कर्जातून उभा आहे. त्याचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला. धक्क्यावरून निघणारी नवी रेल्वे चीनची. चारशे वर्षांत इथं परका पैसा समुद्रावरूनच आला आणि प्रत्येकानं आपल्या सोयीचं काहीतरी बांधून ठेवलं. केनियाच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे मला त्या रुळांच्या कडेकडेनं जाऊन पाहायचं होतं. रूळ जिथं संपतात तिथपर्यंत.

मिरितिनीचं नवं स्थानक शहराबाहेर आहे. स्थानकाबाहेर पोहोचलो तर पहिला हुकूम सुटला तो सामान खाली ठेवण्याचा. सगळ्या प्रवाशांच्या बॅगा एका रांगेत मांडायच्या, आपण चार पावलं मागं सरायचं. मग पोलिसांचा कुत्रा त्या रांगेवरून नाक फिरवत जातो. माझ्या शेजारच्या आजींच्या पिशवीत सुकी मासळी होती. कुत्रा तिथं जरा जास्तच रेंगाळला, तेव्हा रांगेतले सगळे हसले आणि पोलिसही हसला. त्यानंतर यंत्रातून तपासणी, तिकीट, ओळखपत्र. सकाळी आठची गाडी बरोबर आठला सुटली.

या गाडीचं नाव मादाराका एक्सप्रेस. ३१ मे २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी तिला हिरवा झेंडा दाखवला. मोम्बासा ते नैरोबी सुमारे ४७० किलोमीटर. थेट गाडी पाच तासांच्या आसपास पोहोचवते. आमची सगळी स्थानकं घेत जाणारी असल्यानं तिला थोडा जास्त वेळ लागतो. जुन्या मीटर गेजवरच्या गाडीला अख्खी रात्र लागायची, आणि सकाळी किती वाजता पोहोचू हे कुणी छातीठोकपणे सांगत नसे. इकॉनॉमीचं तिकीट १,५०० शिलिंग. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी समोरासमोर बाकं, गुडघ्याला गुडघा लागतो. डबा मात्र स्वच्छ, आणि भरलेला. या रेल्वेबद्दल केनियात कितीही भांडणं असली तरी माणसं तिच्यातून आनंदानं प्रवास करतात, ही गोष्ट मला आधी नोंदवावीशी वाटते.

समोर एक निवृत्त शिक्षक बसले होते. डब्यातले सगळे त्यांना म्वालिमू, म्हणजे गुरुजी म्हणत होते. मीही तसंच म्हणू लागलो. त्यांना व्होईला उतरायचं होतं. मारियाकानी मागे पडलं तेव्हा त्यांनी खिडकीतून महामार्गाकडे बोट दाखवलं. पूर्वी बंदरातला बहुतेक माल ट्रकनं जायचा. ट्रक थांबायचे तिथं जेवणाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, लॉज, भाजीवाल्या बाया असा संसार उभा होता. रेल्वे आल्यावर कर्जाचे हप्ते फेडायला मालवाहतूक हवी होती, म्हणून २०१९ मध्ये सरकारनं आयात माल सक्तीनं रेल्वेनंच न्यायचा आदेश काढला. मोम्बासात दर सोमवारी मोर्चे निघू लागले. गुरुजींच्या मेव्हण्याचे दोन ट्रक होते, ते त्यानं विकले. “गाडी चांगली आहे,” ते म्हणाले, “पण ती कुणाला विचारून आली नाही.”

व्होईच्या आधीपासूनच त्सावोचं अभयारण्य सुरू होतं. इथली माती गेरूसारखी लाल, त्यामुळे धुळीत अंघोळ केलेले हत्तीही लाल दिसतात. चिन्यांनी रूळ उंच भरावावरून नेलेत आणि मधे मधे हत्तींना खालून जाता येईल असे मोठे गाळे ठेवलेत. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. एका गाळ्याशी आठ-दहा हत्तींचा कळप उभा होता, पुढची हत्तीण सोंड उंचावून वास घेत होती. गाडी पुढे गेली. कळप खालून गेला की माघारी फिरला, ते दिसलं नाही.

नव्या रुळांच्या बाजूनं बराच वेळ जुना मीटर गेज मार्ग दिसत राहतो. तो पाहताना भारतीय माणसाचं मन स्थिर राहत नाही. त्या मार्गासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर करारावर आणले होते. त्यातले जवळजवळ २,५०० दगावले. मैलामागे चार माणसं. मलेरिया, आमांश, अपघात, आणि १८९८ मध्ये त्सावो नदीवरचा पूल बांधताना तंबूंतून माणसं ओढून नेणारे दोन सिंह. सिंहांना मारणाऱ्या जॉन हेन्री पॅटरसनचं नाव जगाला माहीत झालं. पेंढा भरलेले ते सिंहदेखील शिकागोच्या संग्रहालयात काचेआड सुखरूप आहेत. मजुरांची नावं शोधायची तर दफ्तरं चाळावी लागतात. इतका आटापिटा इंग्रजांनी केला तो नाईलच्या उगमाकडचा प्रदेश हातातून जाऊ नये म्हणून. शेजारी, आजच्या टांझानियात, जर्मन येऊन बसले होते. म्हणजे या भूमीवरची पहिली रेल्वेसुद्धा दोन परक्या सत्तांच्या चढाओढीतूनच आली.

दुसरीही तशीच आली, फक्त या वेळी करारावर सही करणारं सरकार केनियाचं स्वतःचं होतं. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ३६० कोटी डॉलर. त्यातले ९० टक्के चीनच्या एक्झिम बँकेनं कर्जाऊ दिले आणि काम चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशन या चिनी कंपनीकडे गेलं. कर्जाचे दोन भाग होते. निम्मं सवलतीचं, २ टक्के व्याजानं, २० वर्षांच्या मुदतीचं. उरलेलं निम्मं बाजारभावाचं, लंडनच्या लायबॉर दरावर ३.६ टक्के चढवून, १५ वर्षांत फेडायचं. बाजारभावाच्या या निम्म्यातच खरी मेख होती. जगातले व्याजदर खाली होते तोवर हा हप्ता झेपण्यासारखा वाटला. २०२२ पासून डॉलरचे व्याजदर चढले आणि केनियाचा हप्ताही चढला, शिलिंग घसरला तो वेगळाच. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं हे डॉलरमधलं कर्ज युआनमध्ये बदलून घेतलं. त्यामुळे वर्षाला सुमारे २१.५ कोटी डॉलर वाचतील, असा अर्थखात्याचा हिशेब आहे. डॉलरची जागा युआननं घेतल्याची अशी उदाहरणं आफ्रिकेत वाढत जाणार, असं मला वाटतं. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांना हे खुपणार.

या करारांची कागदपत्रं कित्येक वर्षं जनतेला पाहायलाच मिळाली नाहीत. २०२० मध्ये अपील न्यायालयानं ठेका देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. रेल्वे तोवर धावत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारनं कर्जकराराचे काही भाग उघड केले, तेव्हा लोकांना कळलं की कराराला चीनचा कायदा लागू आहे आणि तंटा झालाच तर लवाद बीजिंगमध्ये बसेल. चीन मोम्बासाचं बंदरच गिळणार, अशी आवई मधल्या काळात उठली होती. ते काही झालं नाही. पण कागद लपवून ठेवले की आवया उठणारच, आणि त्याचा दोष मी अफवा पसरवणाऱ्यांपेक्षा कागद लपवणाऱ्यांना देईन.

नैरोबीत फार रेंगाळलो नाही. शहरातून २७ किलोमीटरचा, काही भाग उन्नत असलेला द्रुतगती मार्ग गेलाय. तो २०२२ मध्ये सुरू झाला. बांधणारी कंपनी तीच चिनी, पण या वेळी सरकारला कर्ज न देता स्वतः पैसा घालून टोल वसूल करणारी. वरून मोटारी सुसाट जातात, खाली मटाटू बसगाड्यांची कोंडी तशीच राहते. जून २०२४ मध्ये करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध या शहरातली तरुण मुलं रस्त्यावर उतरली. कित्येकांनी जीव गमावला, आणि सरकारला विधेयक मागं घ्यावं लागलं. विमानतळ आणि पारेषण वाहिन्यांसाठीचे अदानी समूहाबरोबरचे व्यवहारही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी रद्द केले. अमेरिकेत त्या समूहाच्या प्रमुखांवर आरोपपत्र दाखल झाल्यावर हा निर्णय आला, पण त्याआधीच विमानतळाचे कर्मचारी संपावर गेले होते आणि वकील न्यायालयात उभे होते. आपण भारतीयांनी हेही ध्यानात ठेवायला हवं. आफ्रिकेतल्या या चढाओढीत आपण आता नुसते प्रेक्षक नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम थांबून पाहिली. नैरोबीत बोडा-बोडा म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली. त्यातल्या बऱ्याच आता विजेवर चालतात. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट उभं होतं, त्यात बँकेच्या लॉकरसारखे खण. चालकानं सीटखालची बॅटरी दोन्ही हातांनी उचलून रिकाम्या खणात सरकवली, मोबाईलवरून पैसे भरले, दुसऱ्या खणाचा हिरवा दिवा लागला. तिथली भरलेली बॅटरी त्यानं काढून बसवली आणि किक न मारता गाडी निघाली. माझा चहासुद्धा संपला नव्हता. पेट्रोलवर दिवसाला जे जायचं त्यात आता मुलीच्या शाळेची फी निघते, असं तो जाता जाता म्हणाला. सुटे भाग आणि बॅटरीचे सेल बहुतेक चीनचे, गुंतवणूक कुठली युरोपातली कुठली आखातातली, जोडणी नैरोबीतल्या कारखान्यात, आणि वीज मात्र घरची. केनियाच्या विजेपैकी सुमारे ९० टक्के वीज कोळसा-तेलाशिवाय तयार होते. ती जिथं होते तिथं मला जायचं होतं.

नैरोबीहून नैवाशाकडे निघालं की तासाभरात रस्ता अचानक कड्याच्या टोकाशी येतो आणि खाली ग्रेट रिफ्ट व्हॅली, म्हणजे खचदरी, पसरलेली दिसते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून कोकणात पाहावं तसंच हे दृश्य, फरक इतका की समोर समुद्राऐवजी लोंगोनोट नावाचा ज्वालामुखी उभा असतो. आफ्रिका खंड इथं चिरत चाललाय. दोन्ही बाजूंचे भूपट्ट हळूहळू दूर सरताहेत, मधलं कवच पातळ झालंय आणि तप्त शिलारस वर चढून बसलाय. याच मार्गाच्या रुंदीकरणासाठी २०२० मध्ये फ्रेंच कंपन्यांच्या गटाशी करार झाला होता. तो २०२५ मध्ये मोडला, आणि काम पुन्हा त्याच चिनी कंपनीकडे व केनियाच्या राष्ट्रीय निवृत्तिनिधीकडे मिळून गेलं. म्हणजे आता केनियातल्या नोकरदारांची पुंजीही या डांबरात आहे.

हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात सायकल भाड्यानं मिळते. झेब्रे आणि रानम्हशी चरत असतात, त्यांच्यामधून आपण पायडल मारत जायचं. लाल कडे संपले की पांढऱ्या वाफेचे लोट दिसू लागतात. हेच ओल्कारिया. डोंगरउतारावरून चकाकते पाइप वळवळत आलेत. ठरावीक अंतरावर ते सरळ न जाता चौकोनी कमान करून वर चढतात आणि पुन्हा खाली येतात. तापलेला धातू प्रसरण पावतो, त्याला ही जागा लागते. आणि कमानीखालून जिराफ जातात. एक जिराफ मान किंचितही न वाकवता आरपार गेला, तेव्हा मला त्सावोतली ती हत्तीण आठवली.

आपल्याकडे वज्रेश्वरी, उन्हेरे, तुरळ अशी गरम पाण्याची कुंडं आहेत, पण त्यांची ऊब आणि ओल्कारियाची धग यांत फार अंतर आहे. इथं दोन-तीन किलोमीटर खोल विंधन विहीर घेतली की ३०० अंशांवर तापलेलं पाणी सापडतं. विहिरीतून वाफ आणि खारट पाणी एकत्रच उसळतं. विहिरीजवळच्या उभ्या टाकीत ते गरागरा फिरवतात. जड पाणी खाली बसतं, वाफ वरून निघून टर्बाइनकडे जाते, आणि उरलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून जमिनीत परत सोडतात, म्हणजे खालचा साठा आटत नाही. हवेत सडक्या अंड्यासारखा वास असतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. विहीर नवी उघडली तर आवाज इतका होतो की कान झाकावे लागतात.

इथं पहिली चाचणी विहीर १९५० च्या दशकात घेतली गेली, पण वीज मिळाली ती १९८१ मध्ये, १५ मेगावॉटच्या एका संचातून. मधल्या पाव शतकात काय चाललं होतं? पैशाची शोधाशोध. या विजेला इंधन लागत नाही, पण सगळा खर्च आधीच करावा लागतो. एका विहिरीवर कित्येक लाख डॉलर खर्च करायचे आणि खाली वाफ नसेल तर ते गेले. अशा जुगारावर खासगी बँक पैसे लावत नाही. म्हणून केनियानं २००८ मध्ये जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी ही सरकारी कंपनी काढली. आधी सरकारच्या जोखमीवर विहिरी घ्यायच्या, वाफ सापडली की मग वीज करायला कुणालाही बोलवायचं, असा तिचा रिवाज. मला या साऱ्या प्रवासात भावलेला सर्वांत शहाणा निर्णय हाच. आज केनियाची भू-औष्णिक क्षमता ९५० मेगावॉटच्या आसपास आहे, आफ्रिकेत सर्वाधिक. देशाची चाळीस टक्क्यांहून जास्त वीज या दरीतून जाते.

आणि इथं चढाओढीचं चित्र निराळं दिसतं. टर्बाइनवर नावं तोशिबा आणि मित्सुबिशीची, कारण भू-औष्णिक टर्बाइनच्या बाजारात जपान्यांचा वरचष्मा आहे. ओल्कारियाच्या पाचव्या केंद्राला कर्ज दिलं ते जपानच्या जायका या संस्थेनं. मुंबईचा अटल सेतू आणि तिथली भुयारी मेट्रो ज्या संस्थेच्या कर्जातून झाली, तीच ही. जपान कमी व्याजानं, लांब मुदतीनं पैसे देतो आणि त्यातून आपली यंत्रं विकली जातील असं पाहतो. तिसरं केंद्र ऑर्मॅट या खासगी कंपनीचं. विहिरी खोदण्याचं बरंचसं काम चीनच्या ग्रेट वॉल ड्रिलिंगनं केलं. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अबू धाबीच्या जी-४२ यांनी ओल्कारियाच्या विजेवर चालणारं १०० कोटी डॉलरचं माहितीकेंद्र जाहीर केलं. ज्याला त्याला या वाफेत काहीतरी दिसतंय. पण मधल्या वर्षांत केनियाचेच अभियंते खोदाईत तरबेज झाले, आणि केनजेन ही इथली सरकारी वीजकंपनी आता इथिओपिया आणि जिबूतीत जाऊन दुसऱ्यांना विहिरी खोदून देते. रेल्वेच्या बाबतीत असं व्हायला किती काळ लागेल, हा प्रश्न ओल्कारियात उभं राहून विचारावासा वाटतो.

वाफ नुसती विजेलाच लागते असंही नाही. नैवाशा सरोवराकाठी गुलाबांची हरितगृहं आहेत, मैलच्या मैल. ओसेरियनच्या मळ्यात विहिरीची उष्णता रात्री हरितगृहांत फिरवली जायची. त्यानं हवेतला दमटपणा उतरतो आणि बुरशी लागत नाही. विहिरीतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा झाडांना दिला जायचा. मावळातल्या गुलाबउत्पादकाला केनियाचं नाव चांगलंच ठाऊक असतं. व्हॅलेंटाइन डेच्या आधी युरोपच्या बाजारात तळेगावचा गुलाब या गुलाबापुढे उभा राहतो. विषुववृत्तावरची बारमाही बारा तासांची उन्हं, उंचीमुळे थंड रात्री आणि त्यात फुकटची ऊब. मावळकरांना स्पर्धा अवघड का जाते, ते इथं उभं राहिल्यावर कळतं.

पण ही जमीन मोकळी नव्हती. मसाई गुरं घेऊन इथं पिढ्यान्‌पिढ्या फिरताहेत. चौथ्या केंद्रासाठी २०१४ मध्ये दीडशेच्या आसपास कुटुंबांना हलवून एका नव्या वस्तीत नेलं. पक्की घरं, शाळा, दवाखाना बांधून दिला. तिथं मी गेलो तेव्हा एका बाईंनी मला घराच्या मागं नेलं. पावसानं उताराची माती कापून नेली होती आणि ओघळ पायाजवळ आला होता. घर सुंदर आहे, पण गुरं कुठं चारायची, असं त्या म्हणाल्या. वस्तीतल्या लोकांनी जागतिक बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँकेकडे तक्रार केली होती. जागतिक बँकेच्याच तपासणी मंडळानं चुका मान्य केल्या. त्यातली एक अशी की ज्यांना हलवायचं त्यांच्याशी त्यांच्या माआ भाषेत नीट बोलणंच झालं नव्हतं. पुढे मध्यस्थी होऊन तडजोड झाली. स्वच्छ विजेवर माझं प्रेम आहे. म्हणूनच ती माणसांच्या पाठीवर पाय देऊन येऊ नये, असं मला पोटातून वाटतं.

कोळशाचं काय झालं, तेही सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या लामूजवळ १,०५० मेगावॉटचं कोळसा-वीजकेंद्र येणार होतं, पैसा आणि बांधकाम मुख्यतः चीनचं. लामू हे जागतिक वारशाच्या यादीतलं जुनं स्वाहिली गाव. तिथले मच्छीमार आणि रहिवासी पर्यावरण न्यायाधिकरणात गेले, आणि जून २०१९ मध्ये प्रकल्पाचा परवाना रद्द झाला. पुढे चिनी बँकेनंही अंग काढून घेतलं. २०२१ मध्ये चीननं परदेशात नवी कोळसाकेंद्रं बांधणार नाही असं जाहीर केलं, पण लामूचा निकाल त्याच्या दोन वर्षं आधीचा आहे. केनियाची वीज स्वच्छ राहिली त्यात निसर्गाच्या दानाइतकाच त्या लामूकरांचा वाटा आहे.

नैवाशाहून दक्षिणेला सुस्वा. ज्वालामुखीच्या पायथ्याशी बाभळींचं माळरान, गुरांचे कळप, धूळ. आणि त्या माळावर विजेचे मनोरे चारी दिशांनी चालत आलेले. हे सुस्वाचं उपकेंद्र. उत्तरेकडून तुर्काना सरोवराजवळच्या पवनचक्क्यांची वीज येते. तिथं ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॉट. या पवनचक्क्या २०१७ मध्येच उभ्या राहिल्या, पण त्यांना जोडणारी ४२८ किलोमीटरची वाहिनी तयार नव्हती. स्पॅनिश ठेकेदाराचं दिवाळं निघालं, मग चिनी कंपन्यांनी ती २०१८ मध्ये पुरी केली. तोवर वारा वाहत होता, पाती उभी होती, आणि न आलेल्या विजेची भरपाई केनियाला द्यावी लागत होती. इथिओपियातून एक हजारांहून जास्त किलोमीटरची आणखी एक वाहिनी येते. एकदिश प्रवाहाची, २,००० मेगावॉट वाहून नेऊ शकणारी. बऱ्याच तारा चिनी कंपनीनं ओढल्या, दोन्ही टोकांची रूपांतर केंद्रं जर्मनीच्या सीमेन्सची, पैसा जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक आणि फ्रान्सचा. एकाच कुंपणात एवढे देश नांदताना मी दुसरीकडे कुठं पाहिले नाहीत.

याच परिसरात चिनी रेल्वेही संपते. नैरोबीपासून १२० किलोमीटरचा दुसरा टप्पा ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्याला आणखी सुमारे १५० कोटी डॉलर लागले. डोंगर पोखरून बोगदे, नैरोबीच्या अभयारण्यावरून सहा किलोमीटरचा पूल. बेत व्हिक्टोरिया सरोवराकाठचं किसुमू आणि युगांडाच्या सीमेपर्यंत जायचा होता. पुढच्या टप्प्याला चीननं पैसे दिले नाहीत आणि रूळ इथं, माळावर थांबले. युगांडाचा कंटेनर इथं उतरवून जुन्या मीटर गेजवर किंवा ट्रकवर चढवावा लागतो. त्यासाठी नव्या-जुन्या मार्गांना जोडणारा एक तुकडा बांधलाय, तोही मीटर गेजचा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोचलेले रूळ आज या नव्या रेल्वेला हात देताहेत.

फलाटावर नैरोबीची गाडी उभी होती. इंजिन धडधडत होतं. डिझेलचं. मागे क्षितिजावर मनोऱ्यांची रांग, आणि डोंगरापलीकडे ओल्कारिया. तिथं रात्री मागणी उतरली की वाफ टर्बाइनला न देता हवेत सोडून द्यावी लागते. उलट संध्याकाळी वीज पुरत नाही. पश्चिम केनियात भारनियमन करावं लागतं, कारण वीज तिकडं न्यायला वाहिन्या तोकड्या पडतात. ही कबुली २०२४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी दिली. अख्ख्या देशाची कमाल मागणी २०२५ मध्ये २,३०० मेगावॉटच्या वर होती. एकट्या मुंबईला भर उन्हाळ्यात याहून कितीतरी जास्त लागते. रात्री रेल्वेला वीज मिळाली असती तर वाफही वाया गेली नसती आणि डिझेलसाठी डॉलरही मोजावे लागले नसते. शेजारच्या टांझानियानं तसंच केलं. दार-एस-सलामहून दोदोमाला जाणारी त्यांची नवी रेल्वे विजेवर धावते. तिचं काम मुख्यतः तुर्की कंपनीनं केलं, आणि ती २०२४ मध्ये सुरू झाली. इथिओपियाची जिबूतीपर्यंतची रेल्वेही विजेवर चालते, आणि ती तर चिन्यांनीच बांधलेली. म्हणजे प्रश्न बांधणाऱ्याचा नव्हता. मागणाऱ्यानं काय मागितलं, याचा होता.

आता सुस्वाच्या पुढच्या मार्गाची बोलणी पुन्हा लागलीत. एप्रिल २०२५ मध्ये रुटो बीजिंगला गेले तेव्हा किसुमू आणि युगांडाच्या सीमेवरच्या मलाबापर्यंत रूळ न्यायचं ठरलं. या वेळी सगळा भार कर्जावर न टाकता आयात मालावरच्या रेल्वे उपकरातून केनिया स्वतःचा हिस्सा घालणार आहे. हे चांगलं आहे. पण त्या कराराचा मसुदा सहीच्या आधी संसदेपुढे आणि वर्तमानपत्रांत यावा. ज्यांची जमीन जाणार आहे त्यांना तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवला जावा. आणि त्यात विजेच्या तारांचा खर्च पहिल्या पानावर असावा, कारण त्या ओढायच्या झाल्या तर सुरुवात सुस्वाच्या उपकेंद्रापासूनच होईल, आणि ते आधीच तिथं उभं आहे.